मधुमेहाचं पथ्य कोणाला परवडतं?

बोरू

मी आहारतज्ज्ञ आहे. आठवड्यातले काही दिवस एका खासगी दवाखान्यात बसते, काही दिवस एका धर्मादाय दवाखान्यात. दोन्हीकडे मधुमेहाच्या पेशंटच्या हातात जो छापील कागद दिला जातो तो जवळजवळ एकच आहे. दर तीन तासांनी थोडं थोडं खा. अर्धं ताट भाज्यांचं, पाव प्रथिनांचं, पाव धान्याचं. ताजं शिजवून खा. रात्री आठच्या आत जेवा. जेवल्यावर थोडं चाला. ताण घेऊ नका.

यातलं एकही वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं नाही. पण प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याकडे काहीतरी आहे असं गृहीत धरतं. दर तीन तासांनी खायचं तर कामाच्या मध्ये हात थांबवायची मुभा लागते. ताजं शिजवायला स्वतःची चूल, पाणी आणि दीडेक तास लागतो. आठच्या आत जेवायचं तर आठच्या आत घरी पोचावं लागतं. जेवल्यावर चालायला अंधारात सुरक्षित वाटेल असा रस्ता हवा, आणि बाईमाणसाला तो आणखीच हवा.

पैशांबद्दल आधी लिहिते, कारण ते सगळ्यांना चटकन दिसतं. हातात ठरावीक पैसे असतील आणि त्यात घरातल्या सगळ्यांची पोटं भरायची असतील, तर माणूस धान्य, तेल आणि साखर घेतो. त्याच पैशांत भाज्या, फळं, अंडी, दूध घेतलं तर पोट अर्धं राहतं. हे अडाणीपणातून होत नाही. उलट फार काटेकोर हिशेबातून होतं, आणि तो हिशेब बहुतेक वेळा घरातली बाई करते. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २.८ अब्ज माणसांना सकस आहार परवडत नव्हता. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे मधुमेह असलेल्या प्रौढांपैकी चारातले तीन कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. आपण ज्यांना कागद देतो त्यातली कितीतरी माणसं या दोन्ही गटांत एकाच वेळी असतात.

पण रोज समोर बसणाऱ्या माणसांकडे पाहून मला वाटतं की पैसा ही फक्त पहिली पायरी आहे. वेळ कोणाचा, चूल कोणाची, बाजारहाट कोण ठरवतं, कोणाच्या आवडीने भाजी होते, हे प्रश्न त्याच्या मागे रांगेत उभे असतात. ते कोणी विचारत नाही. तीन महिन्यांची शुगर वाढलेली दिसली की फाइलवर शेरा पडतो, ‘पेशंट पथ्य पाळत नाही’. पुढच्या भेटीत दुसरा डॉक्टर तो शेरा वाचतो आणि बोलण्याची सुरुवातच रागावण्याने होते. त्यानंतर तो पेशंट खरं सांगणं बंद करतो. मग येणंही बंद करतो.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? स्वतःचे, घरच्यांचे, किंवा दवाखान्याच्या त्या बाजूचे. मोकळेपणाने लिहा.

कवडसा

फार महत्त्वाचा विषय. सविस्तर लिहीन. तोवर वाचतेय.

रातपाळी

नावावरून कळलंच असेल. सुरक्षारक्षक आहे, ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ. मधुमेह निघाला तेव्हा मलाही आठच्या आत जेवायला सांगितलं. सात वाजता घरातून निघताना जेवण जात नाही, कारण चार वाजता तर झोपून उठलेलो असतो. घरून नेलेला डबा रात्री एकला उघडतो, तो गार झालेला असतो. तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले की बिस्किटं आणि गोड चहा. त्या वेळेला दुसरं काही मिळतच नाही. बिस्किटं खाऊ नयेत हे मला माहीत आहे. पण झोप लागली तर नोकरी जाते, हेही माहीत आहे.

गोळी जेवणाआधी घ्यायची. एका रात्री गोळी घेतली आणि तेवढ्यात गेटवर गाड्यांची रांग लागली. जेवण तासाभराने पुढे गेलं. हात थरथरायला लागले, दरदरून घाम आला, समोरचा काय बोलतोय ते कळेना. सुपरवायझरला वाटलं मी पिऊन आलोय. तेव्हापासून मी रात्रीची गोळी घेतच नव्हतो आणि हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बोलणी बसली असती. शुगर वाढलेली निघाली तेव्हा बोलणी बसलीच.

ताळेबंद

बोरू, लेख कळकळीने लिहिला आहे, पण मला काही गोष्टी पटत नाहीत. वाद घालायचा म्हणून लिहीत नाही, मनापासून विचारतो.

माझे वडील तुटपुंज्या पगारावर चार माणसांचं घर चालवायचे. पन्नाशीत मधुमेह निघाला. त्यांनी साखर सोडली, ताटातलं धान्य निम्म्यावर आणलं, डाळी वाढवल्या, कामावर चालत जायला लागले. साखर सोडल्याने पैसे वाचले, चालण्याला काही लागलं नाही. डाळी काही श्रीमंतांचं अन्न नव्हे. उलट माझ्या ओळखीतल्या भरपूर पैसेवाल्या लोकांना पथ्य जमत नाही.

आहार आणि व्यायामाने फरक पडतो याचे भक्कम पुरावे आहेत. २००२ साली अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवरचा तो अभ्यास. जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. म्हणजे बदल औषधापेक्षा सरस ठरला. मग आपण पेशंटला ‘तुझी परिस्थितीच अशी आहे’ असं सांगायला लागलो, तर त्याच्या हातात जे आहे तेही तो सोडून देणार नाही का?

बोरू

ताळेबंद, तुमच्या वडिलांबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांनी केलं ते अतिशय कठीण होतं. म्हणूनच ते प्रत्येकाकडून सहज होईल असं धरून चालता येत नाही.

तुम्ही दिलेला अभ्यास मलाही प्रिय आहे. पण त्या ५८ टक्क्यांमागे काय होतं ते पाहा. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र मार्गदर्शक नेमला होता. पहिल्या २४ आठवड्यांत एकास एक बसून १६ धडे झाले, पुढेही नियमित गाठीभेटी होत्या. एवढा आधार मिळाल्यावर वेगवेगळ्या वांशिक गटांत फायदा साधारण सारखाच दिसला, हेही खरं आहे आणि ते फार आशादायक आहे.

तसंच २०१७ चं ‘डायरेक्ट’ संशोधन. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागातलं. वजन उतरवून वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला, एरवीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. वर्तमानपत्रांतून ‘आहाराने मधुमेह परतवता येतो’ एवढंच लोकांपर्यंत आलं. पण त्यात तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींचा जो द्रव आहार होता, तो सहभागी लोकांना विकत घ्यावा लागला नाही. काय रांधायचं, काय आणायचं, हा प्रश्नच त्यांच्यापुढून उचलून घेतला होता.

आमच्या धर्मादाय दवाखान्यात पेशंटला माझी मिळतात ती जेमतेम सात मिनिटं. त्या सात मिनिटांनंतर त्याच्याकडून ५८ टक्केवाल्या निकालाची अपेक्षा करायची आणि तो आला नाही की दोष त्याच्या मनोनिग्रहाला द्यायचा, याला माझा विरोध आहे. ‘परिस्थितीच अशी आहे’ असं सांगून मी कोणाला मोकळं सोडत नाही. परिस्थिती विचारून घ्यावी आणि तिच्यात बसेल तो सल्ला द्यावा, एवढं म्हणते.

नाडीपरीक्षा

मी जनरल प्रॅक्टिस करतो. रातपाळी यांच्या पोस्टवर आधी लिहितो, कारण ते तातडीचं आहे.

दादा, तुम्हाला जे झालं ते शुगर लो होणं होतं. तुमच्या वर्णनावरून गोळी बहुधा सल्फोनिलयुरिया गटातली असावी, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांपैकी एखादी. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. जेवण लांबलं की शुगर खाली जाते. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला असं क्वचितच होतं. तुम्ही स्वतःहून गोळी बंद ठेवू नका आणि सुरूही करू नका. डॉक्टरांना दोन वाक्यं सांगा: ‘माझं जेवण रात्री एकला होतं आणि ते कधीही पुढे जाऊ शकतं. गोळी घेतल्यावर मला असं असं झालं होतं.’ एवढं कळल्यावर औषध किंवा त्याची वेळ बदलता येते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या ठेवा. थरथर, घाम, गोंधळ जाणवला की साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. सावरल्यावर काहीतरी खा. एका सहकाऱ्याला हे सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी भलताच अर्थ काढणार नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं, हेही त्याला सांगा.

आता मूळ विषय. सल्फोनिलयुरिया ही स्वस्त औषधं आहेत आणि चांगलं काम करतात, म्हणूनच ती जास्त करून कमी उत्पन्नाच्या पेशंटला दिली जातात. पण वेळेवर जेवणाची सर्वांत कमी खात्री असते ती याच माणसाला. ज्याचं जेवण घड्याळाच्या काट्यावर होतं त्याला महागडी नवी औषधं परवडतात, जी एकटी घेतली तर शुगर लो होण्याची भीती फारच कमी असते. ज्याचं जेवण बेभरवशाचं, त्याच्या वाट्याला जेवण चुकलं की अंगावर येणारं औषध. ही विषमता आहाराच्या कागदावर दिसत नाही, चिठ्ठीवर दिसते.

याचा पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१४ साली आला. शुगर लो झाल्यामुळे दाखल होण्याचं प्रमाण कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या लोकांत महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. श्रीमंत वस्त्यांतल्या लोकांत असा चढउतार नव्हता. महिनाअखेरीला पैसे संपतात, ताट रिकामं होतं, आणि औषध मात्र तेवढंच चालू राहतं. मी हा अभ्यास वाचल्यापासून जुन्या पेशंटनाही विचारतो, ‘महिन्याच्या शेवटी जेवणात काही फरक पडतो का?’ उत्तरं ऐकून झोप उडते.

रातपाळी

डॉक्टर, आभारी आहे. हे मला कोणी समजावलं नव्हतं. मला वाटायचं माझं शरीरच औषधाला चालत नाही.

दोन_चुली

मी चार घरी स्वयंपाक करते आणि मग माझ्या घरी करते. मोबाइलवर हळूहळू लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

ज्या एका घरी जाते तिथल्या साहेबांना शुगर आहे. त्यांचं निघालं त्या दिवसापासून सगळ्या घराचं खाणं बदललं. तेल अर्धं झालं, भाज्या दोन झाल्या, मुलांचं गोड बंद झालं. वहिनींनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. साहेबांचे रिपोर्ट आता छान आहेत आणि सगळे म्हणतात साहेब मनाचे किती पक्के.

मला शुगर निघाली तेव्हा माझ्या घरी काही बदललं नाही. माझ्यापुरतं वेगळं करून खा म्हणाले. वेगळं म्हणजे तेही मीच करायचं, चार घरचं करून आल्यावर. सासऱ्यांना भाजी तेलातच लागते. मुलगा कमी तेलाची भाजी सरकवून ठेवतो. एकदा केलेलं वाया गेलं की दुसऱ्या वेळेला हात धजत नाही. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते मी खाते आणि उरतं ते नेहमी धान्यच. भाजी उरत नाही.

लोकांच्या घरी रोज मी किलोकिलोने भाज्या चिरते. सगळं पथ्याचं करता येतं मला. येत नाही म्हणून अडलेलं नाही.

कवडसा

दोन_चुली ताई, तुम्ही लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं. घरात ज्याच्या शब्दाला वजन त्याच्या आजाराला पथ्य मिळतं, असंच दिसतं. पुरुषाला मधुमेह झाला की स्वयंपाकघर बदलतं, बाईला झाला की तिचं एक काम वाढतं. मी सुखवस्तू घरांतही हेच पाहिलं आहे. तिथे पैशांची अडचण नसते, पण ताटात काय पडायचं हे ठरवायची सत्ता बाईकडे नसतेच.

मला आणखी एक गोष्ट लिहायची होती: दात. माझ्या आईचे खालचे बरेच दात गेले आहेत. मधुमेहात हिरड्यांचे आजार बळावतात आणि हिरड्या बिघडलेल्या राहिल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, असं दुहेरी दुखणं. कवळीचा खर्च पुढे पुढे ढकलला जातो. दात नसलेलं माणूस काय खाणार? मऊ भात, दुधात बुडवलेला पाव, पेज. कोशिंबीर, कच्च्या भाज्या, सालासकट फळं, मोड आलेली कडधान्यं हे सगळं कागदावर छापलेलं, आणि ते चावणार कशाने? आहार सांगण्याआधी एकाही दवाखान्यात कोणी तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. मीच शेवटी भाज्या मऊ शिजवून, डाळीत घोटून द्यायला लागले. पण मी घरी आहे म्हणून ते जमतं.

पांथस्थ

कामासाठी घर सोडून आलेल्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एका खोलीत आम्ही सहा जण. फ्रिज नाही, शेगडी लावायला मालकाची परवानगी नाही. मेसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. तिथे धान्य हवं तेवढं मिळतं, भाजी एकदाच वाढतात, तीही बहुतेक वेळा बटाट्याची. दमून आलेला माणूस जे हवं तेवढं मिळतं त्यावरच पोट भरणार.

आमच्या खोलीतल्या एकाला इन्सुलिन सुरू झालंय. तो ते माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवतो. आहाराचा कागद त्याच्या बॅगेत घडी घालून ठेवलेला आहे, कोणी विचारलं तर दाखवायला.

नाडीपरीक्षा

पांथस्थ, मित्राला सांगा, फ्रिज नसताना मातीच्या भांड्यात गारव्याला ठेवणं हा समजूतदार उपाय आहे, फक्त इन्सुलिनची बाटली भिजू द्यायची नाही, झाकणबंद डब्यात ठेवून मग माठाजवळ. उघडलेली बाटली बहुतेक प्रकारांत चार आठवड्यांच्या आत संपवायची, आणि रंग वेगळा वाटला किंवा गुठळ्या दिसल्या तर वापरायची नाही. उन्हात आणि गरम पत्र्याखाली अजिबात नको.

मेसच्या जेवणात करता येण्यासारखं एक आहे. भाजी, डाळ, अंडं जे काही असेल ते आधी संपवायचं आणि धान्य शेवटी. अशा क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. क्रम बदलायला खर्च नाही आणि मालकाची परवानगीही लागत नाही. पण तो इन्सुलिन घेतो, तेव्हा धान्य एकदम फार कमी करायचं असेल तर आधी डोस बदलून घ्यायला हवा.

ताळेबंद

वरच्या पोस्ट वाचून मी माझ्या म्हणण्यातला काही भाग तपासून पाहतोय. दोन_चुली यांनी लिहिलेलं वाचल्यावर लक्षात आलं की वडिलांच्या ताटात डाळ वाढली, धान्य घटलं, तेव्हा आईने रोज वेगळं काहीतरी केलं असणार. ती काय खात होती हे मला आठवत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. अन्न परवडत नाही हीच मुख्य अडचण असेल तर अन्न फुकट दिल्यावर शुगर सुधारायला हवी. २०२३ च्या शेवटी अमेरिकेत एका चाचणीचे निकाल आले. टाइप २ मधुमेह असलेल्या आणि अन्नाची खात्री नसलेल्या कुटुंबांना आठवड्याला दहा जेवणांचं सकस अन्न घरातल्या सगळ्यांसाठी दिलं, सोबत आहारतज्ज्ञ आणि परिचारिकांचा सल्ला. सहा महिन्यांनी या गटाची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, १.५ अंकांनी उतरली आणि ज्यांना अजून काही दिलं नव्हतं त्यांची १.३ अंकांनी. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. मग?

बोरू

फार योग्य प्रश्न. ती चाचणी या क्षेत्रातल्या आम्हा सगळ्यांना विचारात पाडणारी होती, आणि ती बाजूला सारू नये.

पहिलं, दोन्ही गट सुधारले. शुगर खूप चढलेली असताना माणसं अशा कार्यक्रमात येतात. त्या वेळी त्यांची औषधंही वाढवली जातात, आणि फार वर गेलेला आकडा काही अंशी आपोआपही उतरतो. दुसरं, या निकालाने माझं म्हणणं मोडत नाही असं मला वाटतं. अन्न पोचलं, पण रातपाळीची वेळ बदलली नाही, घरातली सत्ता बदलली नाही, दात आले नाहीत, उद्याची चिंता गेली नाही. आहार म्हणजे पिशवीत काय आलं एवढंच नसतं.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग सांगते. अमेरिकेतच १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांत अतिशय गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांची सोडत काढली. बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क ही ती शहरं. ज्यांचं नाव निघालं त्यांतल्या काहींना कमी गरीब वस्तीत भाड्याने घर घेण्यासाठी मदत मिळाली. कोणालाही आहाराचा सल्ला दिला नव्हता, अन्न दिलं नव्हतं. दहा-पंधरा वर्षांनी साडेचार हजारांच्या आसपास बायकांची तपासणी झाली, निकाल २०११ साली आले. ज्या गटाला ही संधी मिळाली त्यात मधुमेहाच्या पातळीची एचबीए१सी असलेल्यांचं प्रमाण चार टक्के अंकांहून जास्त कमी होतं, आणि तीव्र लठ्ठपणाही कमी होता. नेमकं कशामुळे, हे त्या प्रयोगातून सुटं करून सांगता येत नाही. रस्ता, दुकानं, भीती, झोप, सगळंच एकदम बदललेलं. मला मात्र त्यातून दिसतं ते असं की ज्या गोष्टी आपण ‘पेशंटची सवय’ म्हणून फाइलमध्ये लिहितो, त्यातल्या बऱ्याच त्याच्या पत्त्याच्या असतात.

आणखी एक. आहार सुधारण्याच्या वेगवेगळ्या उपायांचा फायदा कोणाला जास्त झाला, हे पाहणारा आढावा २०१५ मध्ये आला होता. किमतींवर काम करणारे उपाय गरिबांच्या जास्त कामी आले. एकेकट्याला बसवून सल्ला देणं हा उपाय वरच्या गटांत जास्त लागू पडला, म्हणजे दरी वाढवणारा. माझं तर कामच हे आहे, त्यामुळे मला तो निष्कर्ष टाळून पुढे जाता येत नाही.

नाडीपरीक्षा

किमतींचा मुद्दा आला म्हणून भर घालतो. मेक्सिकोने २०१४ साली साखरेच्या पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षात त्या पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, सर्वांत कमी उत्पन्नाच्या घरांत ९ टक्क्यांनी. गरिबांच्या खिशाला जास्त चाट बसते हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. म्हणून करातून आलेला पैसा त्याच वस्त्यांत पिण्याच्या स्वच्छ पाण्यावर आणि भाज्या स्वस्त करण्यावर खर्च व्हायला हवा, नाहीतर एका हाताने काढून घेण्यासारखं होईल.

१९७१ साली वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी मांडलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट प्रमाणात मिळते, ज्याला जास्त हवी त्याला कमी. आहारसल्ल्याला ते तंतोतंत लागू आहे.

पांथस्थ

कर वगैरे होईल तेव्हा होईल. उद्या आमचा मित्र दवाखान्यात जाणार आहे, त्याने काय बोलायचं ते सांगा.

बोरू

बरोबर आहे. त्याने स्वतःहून सांगायच्या गोष्टी अशा: जेवण मेसमध्ये, शिजवायची सोय नाही, फ्रिज नाही, कामाच्या वेळा अमुक, आणि कुठल्या दिवशी जेवण चुकतं. ‘पथ्य जमत नाही’ एवढंच म्हणू नये, त्याने बोलणं तिथेच संपतं. ‘मेसमध्ये हे हे मिळतं, यातलं काय आणि किती खाऊ’ असं विचारावं. डोस या माहितीवर ठरायला हवा. भिजवलेली कडधान्यं शिजवल्याशिवाय फार खाता येत नाहीत, पण भाजलेले दाणे, फुटाणे, काकडी, गाजर, टोमॅटो फ्रिजशिवाय चालतात. सहा जणांनी मिळून मेसवाल्याकडे बटाट्याऐवजी डाळीची जादा वाटी मागितली तर एकट्याने मागण्यापेक्षा वजन पडेल.

आणि दवाखान्याच्या बाजूने आम्ही काय विचारायचं, तर दोन प्रश्न आहेत. अमेरिकेत ते २०१० पासून वापरात आहेत आणि तिथल्या मधुमेह संघटनेच्या उपचारसूत्रांतही पेशंटला अन्नाची खात्री आहे का हे विचारा असं सांगितलेलं आहे. गेल्या वर्षभरात अन्न संपेल आणि पुन्हा आणायला पैसे नसतील अशी काळजी वाटली का? आणलेलं अन्न पुरलं नाही आणि आणखी आणायला पैसे नव्हते, असं झालं का? एकाचं जरी ‘हो’ आलं तरी कागद बाजूला ठेवून बोलायचं. हे दोन्ही प्रश्न मी आता आमच्या फॉर्मवर घालून घेणार आहे.

दोन_चुली

ताई, हे प्रश्न आमच्या घरी विचारले तर मी नाही म्हणेन. नवरा बाजूला बसलेला असतो. अन्न पुरत नाही असं त्याच्यासमोर म्हटलं तर घरी जाऊन वेगळंच ऐकावं लागेल. आणि आमच्या घरी अन्न पुरतं. मला पुरत नाही.

नाडीपरीक्षा

हे फार मोलाचं सांगितलंत. तपासणीच्या निमित्ताने नातेवाइकांना बाहेर बसवून विचारता येतं, त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

बोरू

दोन_चुली ताई, फॉर्मवर तिसरा प्रश्न घालते, आणि तो एकटीला विचारायचा: ‘काल तुम्ही शेवटचं जेवलात तेव्हा भांड्यात काय उरलं होतं?’ शब्द बरोबर आहेत का सांगा. तुम्हाला कोणी असं विचारलं तर खरं सांगाल?

दोन_चुली

‘काय उरलं होतं’ नको. ‘भाजी उरली होती का’ असं विचारा. त्याला मी खरं उत्तर देईन.